जुन्या पीसीचं घड्याळ मागे पडतंय, माउस अडकतोय? आधी हे करून बघा, मग दुकान गाठा

आमच्या भांडुपच्या सोसायटीचा हिशोब एका जुन्या असेंबल्ड पीसीवर आहे, कोअर टू ड्युओवाला, विंडोज सेव्हन, त्यातलं पावत्यांचं सॉफ्टवेअर नवीन मशीनवर चालत नाही म्हणून तो डबा अजून टिकून आहे. खजिनदारकी गळ्यात पडली तेव्हा हा डबाही माझ्याच गळ्यात पडला. पहिल्याच महिन्यात मी मेंटेनन्सच्या सगळ्या पावत्या छापून जिन्याजिन्याने वाटल्या आणि संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू पावती घेऊन वर आल्या, "अरे ही २००९ सालची पावती का दिलीस मला?" सगळ्या बिल्डिंगला १ जानेवारी २००९ तारखेच्या पावत्या गेल्या होत्या. त्यात माउस पण असा की बाण मध्येच थांबायचा आणि मग एकदम कोपऱ्यात उडी मारायचा. एका रिपेअरवाल्याला बोलावलं, त्याने कॅबिनेट न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड (आतली मुख्य सर्किटची पाटी) गेला, चार हजार लागतील. शेवटी खर्च झाला एका बटन सेलचा आणि एका साध्या माउसचा, पण तिथपर्यंत पोचायला मला तीन रविवार लागले, तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

काय काय जवळ हवं

स्टारवाला स्क्रू ड्रायव्हर, सीआर २०३२ चा एक नवीन सेल, कानातले कापसाचे बड, मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल (नसेल तर नुसता कोरडा बड), कॅमेरावाला मोबाईल, कोणाकडून तरी उसना आणलेला चालू माउस, आणि वही-पेन. मल्टिमीटर असेल तर छान, नसला तरी अडत नाही. आणखी एक, गोल पिनवाला जुना कीबोर्ड कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर तो मागून ठेवा, का ते पुढे येईल.

कागदपत्रं तशी काही लागत नाहीत, फक्त मदरबोर्डचं बुकलेट सापडलं तर बाजूला ठेवा. पीसी ऑफिसचा किंवा सोसायटीचा असेल तर डेटाचा बॅकअप आधी पेनड्राइव्हवर. हे मी सांगतोय पण मी स्वतः घेतला नव्हता, नशीब चांगलं होतं.

१. कॅबिनेट उघडू नका, आधी दोन दिवस वहीत लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळे हीच गाळतात. पीसीमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, ते पीसी बंद असतानाही चालतं, त्यात मनगटी क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्रिस्टल असतो. दुसरं विंडोजचं स्वतःचं. पीसी चालू होताना विंडोज मदरबोर्डला वेळ विचारते आणि मग पुढे आपली आपण मोजत राहते. त्यामुळे वेळ नक्की कधी चुकते हे कळलं की अर्धं काम झालं.

रात्री बंद करताना मोबाईलची वेळ आणि पीसीची वेळ शेजारी शेजारी लिहा. पहिल्या रात्री पीसी शटडाऊन करा पण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालूच ठेवा. सकाळी चालू करून परत दोन्ही वेळा लिहा. दुसऱ्या रात्री शटडाऊन करून बोर्डाचं बटण पण बंद करा. सकाळी परत लिहा.

पहिल्या सकाळी वेळ बरोबर आणि दुसऱ्या सकाळी चूक, म्हणजे सेल संपला, डोळे मिटून बदला. कारण भिंतीतून करंट येत असतो तोवर मदरबोर्डचं घड्याळ त्याच्यावर चालतं, सेलला हात लागत नाही. आपल्याकडे रात्री झोपताना "मेन बटण बंद कर रे" ही घराघरातली आरोळी आहे, म्हणून आपल्याकडचे सेल लवकर संपतात. सेल एरवी तीन ते पाच वर्षं सहज जातो, पण आमचा डबा आठवड्यातून एकदाच चालू व्हायचा, बाकी सहा दिवस त्याचा सगळा भार सेलवरच.

आणि दोन्ही सकाळी वेळ बरोबर आहे पण दिवसभर पीसी चालू असताना ती मागे मागे जातेय, तर सेलचा काहीही संबंध नाही. तुम्ही दहा सेल बदला, फरक पडणार नाही. सरळ पायरी ७ वर जा.

२. किती फरक पडतोय ते बघा, आकडाच रोग सांगतो

तारीख एकदम कुठल्यातरी जुन्या सालाच्या १ जानेवारीला गेली (प्रत्येक मदरबोर्डचं ठरलेलं साल वेगळं): सेल.

चालू करताना काळ्या स्क्रीनवर सीमॉस (सेटिंग्ज जपून ठेवणारी, सेलवर चालणारी छोटी मेमरी) चेकसम एरर किंवा बॅटरी लो असं येतं आणि एफ-वन दाबल्याशिवाय पुढे जात नाही: सेलच.

बरोब्बर १२ तासांचा फरक: कोणीतरी एएम-पीएम उलटं लावलंय, हसा आणि बदला.

बरोब्बर साडेपाच तासांचा फरक: हा फरक सेलमुळे पडत नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही टाकलेलं असेल तर हे हमखास होतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली भारतीय वेळ ठेवते, लिनक्स तिथे जागतिक वेळ ठेवते, आणि दोघांत फरक साडेपाच तासांचा. म्हणजे दोघं भाडेकरू एकच घड्याळ आपापल्या परीने लावत बसतात. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ही कमांड (अर्थात इंग्रजीत टाइप करून) दिली की लिनक्स ऐकतं आणि भांडण मिटतं.

साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे: ज्याने विंडोज टाकली त्याने टाइम झोन अमेरिकेच्या पॅसिफिकवरच सोडलाय. इथे एक मोठा खड्डा आहे. लोक काय करतात, टाइम झोन तसाच ठेवून काटे हाताने पुढे ढकलतात, खाली कोपऱ्यात वेळ बरोबर दिसते, सगळे खूश, आणि मग इंटरनेट जोडलं की वेळ परत मागे, शिवाय ईमेलवरच्या वेळा सगळ्या भलत्याच. आधी टाइम झोनच्या यादीत "चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली" ही ओळ निवडा, मग वेळ लावा, क्रम महत्त्वाचा.

३९ मिनिटांचा फरक आला तर मात्र पीसीला जुन्या मुंबईचं वारं लागलंय समजा. गंमत केली, पण खरंच १९५५ पर्यंत आपल्याकडे बॉम्बे टाइम चालायचा आणि तो भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता.

३. सेल काढायच्या आधी बायोसचे फोटो काढा

ही पायरी मी केली नव्हती आणि माझा दुसरा रविवार असाच गेला. सेल काढला की बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) सगळी सेटिंग्ज पुसली जाऊन कंपनीची मूळ सेटिंग्ज येतात. त्यात हार्डडिस्कचा एक मोड असतो, आयडीई किंवा एएचसीआय. विंडोज टाकली तेव्हा जो मोड होता तोच लागतो, तो बदलला की विंडोजचा लोगो येता येता निळी स्क्रीन आणि शेवटी ७बी वाला आकडा. मला वाटलं हार्डडिस्क गेली, सोसायटीचा बारा वर्षांचा हिशोब गेला, मी अक्षरशः घामाने भिजलो. काहीही गेलं नव्हतं, मोड बदलला होता फक्त.

(अर्थात सेल आधीच पूर्ण मेलेला असेल तर सेटिंग्ज आधीच पुसलेली असतात, मग फोटोत मूळ सेटिंग्जच दिसतील. तरी काढा. निळी स्क्रीन आली तर दुसरा मोड लावून बघायचा इतकं लक्षात ठेवा.)

पीसी चालू झाल्या झाल्या डिलीट किंवा एफ-टू टकटक दाबत राहा, बायोस उघडेल. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. बूटचा क्रम (पीसी आधी कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचा तो) आणि साटा मोड (तोच हार्डडिस्कचा मोड) ही दोन पानं तर नक्कीच. बाहेर पडताना सेव्ह न करता बाहेर.

४. सेल बदला

पीसी शटडाऊन, बोर्डाचं बटण बंद, आणि वायर पण काढून टाका. मग पीसीचं चालू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, आत साठलेला करंट निघून जातो. कॅबिनेटचं झाकण उघडा, आणि आतल्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक उतरते.

मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा चकचकीत सेल दिसेलच, तोच. त्याच्या कडेला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, ती नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जरा बाहेर ढकला, सेल टुणकन वर येतो. जोर लावायचा नाही, ती पट्टी तुटली तर मग खरंच मदरबोर्ड रिपेअरला. नवीन सेल बसवताना अधिक खुणेची, म्हणजे अक्षरं लिहिलेली बाजू वर. लेखी सोपं वाटतं पण मी पहिल्यांदा उलटा टाकला होता.

सेल विकत घेताना नीट बघा. सीआर २०३२ मधला २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ आणि २०१६ तेवढेच रुंद असतात पण पातळ, ते खोक्यात बसतात पण सैल, पीसी जरा हलला की वेळ परत गायब. दुकानदार "सगळं एकच असतं साहेब" म्हणेल, ऐकू नका. नावात सीआरच्या जागी एलआयआर लिहिलेला सेल चार्जिंगचा असतो, त्याचा व्होल्टेज जास्त असतो, तो इथे चालत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत जायची काही गरज नाही, स्टेशनबाहेरच्या घड्याळाच्या दुकानात मिळतो, फक्त सुटा बरणीतला घेऊ नका, पाकिटातला आणि एक्स्पायरी बघून घ्या. मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या जरा वरच दाखवतो, जुना पावणेतीनच्या आसपास किंवा खाली आला की गेलाच.

जुना सेल टेबलावर ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. हा सेल गिळला तर दोन तासांत आतून अन्ननलिका भाजायला लागते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल, घरगुती उपाय नाही.

लॅपटॉप असेल तर हे सगळं वेगळं, तिथे सेल बहुतेक वेळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आणि वायरने जोडलेला असतो, पहिलाच प्रयोग लॅपटॉपवर करू नका.

५. वेळ लावा आणि इंटरनेटशी जोडा

झाकण लावायच्या आधीच पीसी चालू करून बघा. एफ-वन दाबा किंवा बायोसमध्ये जा, असं काहीतरी येईलच. आता तो जुना गोल पिनवाला कीबोर्ड: काही जुन्या मदरबोर्डांत मूळ सेटिंगला यूएसबी कीबोर्ड बायोसमध्ये चालतच नाही, स्क्रीनवर "एफ-वन दाबा" लिहिलेलं असतं आणि तुम्ही दाबताय दाबताय, काही होत नाही. गोल पिनवाला लावला की काम होतं. बायोसमध्ये वेळ, तारीख, आणि फोटोत बघून साटा मोड आणि बूटचा क्रम लावा, सेव्ह करून बाहेर.

विंडोजमध्ये घड्याळावर राइट क्लिक, ॲडजस्ट डेट अँड टाइम, तिथे इंटरनेट टाइमचा टॅब, चेंज सेटिंग्ज, अपडेट नाऊ. सर्व्हर मायक्रोसॉफ्टचा असतो, तो दाद देत नसेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा लावा, टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. भारतीय प्रमाणवेळ ठेवणारी संस्था तीच आहे.

खड्डा: तारीख फारच चुकलेली असेल तर अपडेट नाऊ नुसतं एरर देतं. घरगुती विंडोज १५ तासांपेक्षा जास्त फरक आपणहून दुरुस्त करत नाही. आधी तारीख-वेळ हाताने साधारण बरोबर लावा, मग अपडेट. मी अर्धा तास राउटर बंद-चालू करत बसलो होतो.

आणि हो, बँकेची साइट उघडत नाही, जीमेल "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो, अँटिव्हायरस म्हणतो लायसन्स संपलं, हे सगळं चुकलेल्या तारखेनेच होतं. साइटच्या सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याचा दाखला) सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, पीसी २००९ मध्ये बसलेला असेल तर त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. पण तारीख बरोबर केल्यावरही काही साइट तशाच रुसल्या तर घड्याळाला दोष देऊ नका. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकी साइटची सर्टिफिकेटं चालायची) संपलं, त्यानंतर बरेच दिवस अपडेट न झालेल्या मशीनवर खूप साइट बंद पडल्या. फायरफॉक्स आपली सर्टिफिकेटची यादी स्वतःजवळ ठेवतो, विंडोज सेव्हनवर त्याची ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी) आवृत्ती टाकली की बहुतेक काम होतं.

६. आता माउस

आधी उसना माउस लावून बघा. त्याने नीट चाललं तर तुमचा माउस खराब, विषय संपला, नवीन घ्या. त्यानेही तेच झालं तर माउस निर्दोष आहे, टाकू नका.

बॉलवाला माउस असेल तर खालची चकती फिरवून बॉल काढा, आत दोन बारीक रूळ दिसतील, त्यावर मळाची पट्टी बसलेली असते, नखाने खरवडा आणि बडने पुसा. लाल लाइटवाला असेल तर उलटा करून भोकात बघा, एक केस अडकलेला असला तरी बाण थरथरतो. आणि टेबलावर काच असेल तर लाल लाइटला खाली काही दिसतच नाही. आपल्याकडे टेबलाच्या काचेखाली देवाचे फोटो आणि रेल्वेचं टाइमटेबल ठेवायची पद्धत, त्यावर माउस कसा चालणार? वहीचं पुठ्ठं ठेवा.

मागचं पोर्ट बघा. हिरवं गोल माउसचं, जांभळं कीबोर्डचं, उलटसुलट लावलं की दोन्ही बंद. आणि गोल पिनवाला माउस पीसी चालू असताना काढ-घाल करायचा नाही, एकतर रिस्टार्टशिवाय तो ओळखला जात नाही, दुसरं म्हणजे पोर्ट जळू शकतं. पिन वाकली असेल तर चिमट्याने हळूच सरळ. यूएसबीचा असेल तर पोर्ट बदलून बघा, मुंबईच्या दमट हवेत मागच्या पोर्टांना दोन पावसाळ्यांत गंज चढतो, आमच्या डब्याची चारपैकी दोन तशीच गेली होती.

वायरलेस असेल आणि डोंगल (माउससोबत येणारा छोटा यूएसबी तुकडा) निळ्या यूएसबी ३ पोर्टात किंवा त्याच्या अगदी शेजारी असेल तर काढून पुढच्या साध्या पोर्टात लावा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर येतो आणि माउसही तिथेच बोलतो.

एकदा क्लिक केलं की दोनदा होतंय, फाइल ड्रॅग करताना मध्येच सुटतेय, हा आतला स्विच झिजल्याचा प्रकार. सेटिंग बदलून बरं होत नाही.

माउस पूर्ण मेला तर घाबरू नका. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबा, विचारेल त्याला एंटर. आता उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो आणि ५ दाबलं की क्लिक. सावकाश चालतं, पण पावत्या सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरतं पुष्कळ.

७. घड्याळ पण मागे पडतंय आणि माउस पण अडकतोय, दोन्ही एकदम

हे कोणी सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर. पीसी चालू असताना घड्याळ मागे पडतं आणि त्याच वेळी माउस अडकतो, गाणं लावलं तर तेही खरखरतं, असं असेल तर हे दोन आजार नसून एकच आहे. विंडोजचं घड्याळ टाइमरचे ठोके मोजून चालतं, माउस हलला की त्याचाही निरोप प्रोसेसरलाच जातो. प्रोसेसर दुसऱ्या कशात तरी बुडालेला असेल तर ठोके मोजायचे राहून जातात आणि माउसचा निरोप ताटकळतो.

जुन्या मशीनवर, खास करून विंडोज एक्सपीवर, हा चोर बहुतेक वेळा हार्डडिस्क असते. डिस्कची पट्टीवाली केबल सैल झाली किंवा डिस्क थकली की वाचताना चुका होतात, आणि सहा चुका झाल्या की एक्सपी डिस्कला डीएमएवरून (त्यात डेटा प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरीत जातो) पीआयओ मोडमध्ये टाकते. पीआयओ म्हणजे डिस्कवरच्या डेटाचा प्रत्येक नग प्रोसेसरने स्वतः हाताने वाहायचा, हमालच झाला तो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, आयडीई कंट्रोलर्समध्ये प्रायमरी आयडीई चॅनल, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे करंट ट्रान्स्फर मोड पीआयओ दिसला तर चोर सापडला. पीसी बंद करून केबल काढून घट्ट बसवा, मग ते चॅनल अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा, विंडोज ते परत ओळखते आणि डीएमए येतो. चार दिवसांनी परत पीआयओ झालं तर केबल बदला, तरी झालं तर डिस्क जायच्या वाटेवर आहे, त्याच दिवशी डेटा काढून घ्या, चालढकल नको.

विंडोज सेव्हन किंवा पुढचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून बघा कोण प्रोसेसर खातंय. आमच्याकडे अँटिव्हायरस होता, बरोब्बर रविवारी अकरा वाजता फुल स्कॅन, आणि मी पावत्या करायला बसायचो तेही रविवारी अकरालाच. स्कॅन रात्रीवर ढकलला आणि बाणाची थांबाथांबी गेली. कोपऱ्यात उडी मारणं मात्र चालूच राहिलं, त्याला कारण माउसच होता, त्यात स्विच पण झिजला होता, म्हणून नवा घेतला.

८. परत दोन दिवस वही

सगळं झाल्यावर पायरी १ पुन्हा करा, बोर्डाचं बटण बंद ठेवून. दोन सकाळी वेळ बरोबर आली की मगच झाकणाचे स्क्रू लावा. नवीन सेल घालूनही रात्रीत वेळ पुसली जातेय तर सेलच्या खोक्याची पट्टी सैल आहे का बघा, आणि मदरबोर्डवर सीमॉस क्लिअरचा छोटा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) चुकीच्या दोन पिनांवर तर नाही ना ते बुकलेटमध्ये बघून तपासा. तेही ठीक असेल तर मात्र रिपेअरवाला, पण त्याला वही दाखवा. काय काय करून झालंय ते समोर लिहिलेलं दिसलं की एकदम चार हजारांवर उडी मारायला माणूस जरा कचरतो.

मी झाकणाच्या आतल्या बाजूला सेल बदलल्याची तारीख मार्करने लिहून ठेवलीये, आणि साटा मोड पण. काकूंना नवीन पावती दिली, जुनी त्यांनी परत केली नाही, म्हणाल्या राहू दे, २००९ चा मेंटेनन्स भरल्याचा पुरावा आहे माझ्याकडे.